पाच पेले आणि एक शर्यत

ज्या घरात मी वाढले, त्या घरातली भांडी दिवसातून दहा-बारा वेळा आपोआप वाजत. बाबा नांदेड जिल्ह्यात, उमरीच्या अलीकडच्या एका रेल्वे फाटकावर गेटमन होते. आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर रुळांपासून इतकं जवळ होतं, की गाडी डोळ्यांना दिसण्याआधी मांडणीवरच्या भांड्यांतून ऐकू येई. आधी वाट्या किणकिणत, मग ताटं थरथरत, आणि शेवटी पाण्याची घागर घुमू लागली की आई चुलीपुढून न उठता सांगे, "मालगाडी हाय. लांबलचक. तवर दोन भाकरी होतात." आई कधी चुकली नाही. अंबाडीच्या भाजीचा वास, बाबांच्या शिट्टीचा आवाज आणि भांड्यांची ती किणकिण एकत्र आली की घरात सगळं ठीक आहे, असा त्याचा अर्थ होता. त्या आवाजाची कोणाला भीती वाटू शकते, हे मला सतरा वर्षं ठाऊकच नव्हतं. पुढे जे घडलं त्याचं मूळ या अज्ञानात आहे, म्हणून ते आधी सांगितलं.

दहावीला चांगले गुण मिळाले आणि त्या काळात मराठवाड्यात चांगले गुण मिळालेल्या मुलामुलींचं जे होई तेच माझं झालं. मला लातूरला पाठवण्यात आलं. लातूर तेव्हा शिकवणीवर्गांनी फुगत होतं. गल्लीगल्लीत पाट्या होत्या, पाट्यांवर मागच्या वर्षीच्या यशस्वी मुलांचे फोटो होते, आणि सकाळी साडेसहाला सायकलींचे थवे एकाच दिशेने निघत. मी राहत होते सुमनआत्याकडे. ती बाबांची धाकटी बहीण. तिचं सासर भूकंपाच्या पट्ट्यातल्या एका खेड्यात होतं. भूकंप झाला त्या पहाटे आत्या अंगणात धावली. तिचा नवरा म्हाताऱ्या आईला आणायला परत आत गेला आणि दोघंही बाहेर आले नाहीत. आत्या याबद्दल कधीही बोलत नसे. "ती आधी बाहेर पळाली, हे तिच्या मनातून जात न्हाई," एवढंच बाबांनी मला एकदा सांगितलं होतं, आणि वर बजावलं होतं की तिच्यापुढे विषय काढायचा नाही.

लातूरला येऊन आत्याने शिकवणीच्या मुलींसाठी खाणावळ चालू केली होती. सकाळी सुशीला, म्हणजे आमच्याकडचा चुरमुऱ्यांचा उपमा, दुपारी आणि संध्याकाळी डबे. भाजून दळलेल्या येसराचा मसाला घातलेली आमटी तिच्या हातची अशी असे, की मुली डबा धुण्याआधी बोटाने पुसून खात. घर मात्र तिने मुद्दाम पत्र्याचं निवडलं होतं. भिंती पत्र्याच्या, छप्परही पत्र्याचं. उन्हाळ्यात त्यात बसवत नसे, पण दगडमातीच्या घराखाली आत्या पाच मिनिटंसुद्धा टेकत नसे. "पत्रा पडला तर डोकं फुटंल. तेवढंच फुटंल," असं ती म्हणे. आणि दाराशेजारच्या फळीवर पाच स्टीलचे पेले असत. एक पालथा, त्यावर एक सुलटा, त्यावर पुन्हा पालथा, अशी उतरंड. त्या पट्ट्यातून आलेल्या पुष्कळ घरांत मी ती पाहिली. जमीन जराशी हलली तरी पेले कोसळतात आणि झोपलेला माणूस जागा होतो. आत्या रोज दिवेलागणीला ती उतरंड हाताने तपासे. दुसरं कोणी हात लावलेलं तिला चालत नसे.

माझा प्रश्न निराळा होता. बारावीला मी संगणकशास्त्र हा विषय घेतला होता आणि कॉलेजात एका संगणकापुढे चौघीजणी बसत. आठवड्याला एक तास, म्हणजे माझ्या वाट्याला पंधरा मिनिटं. त्यातली पाच यंत्र चालू होण्यात जात. अभियांत्रिकीला जायचं मी ठरवलं होतं आणि पंधरा मिनिटांच्या सरावावर ते होणार नाही, हे गणित सोपं होतं. मी बाबांना पत्रातून ते गणित मांडून दाखवलं. बाबांनी उत्तर लिहिलं नाही. दिवाळीनंतर त्यांनी मला नांदेडला बोलावून घेतलं आणि सरळ रशीदचाचांच्या दुकानात नेलं.

रशीदचाचांचे वडील रेडिओ दुरुस्त करत. चाचा टीव्हीवरून संगणकावर आले होते. एका कार्यालयाने काढून टाकलेलं यंत्र त्यांनी आमच्यापुढे ठेवलं. पिवळट पडलेला पडदा, कडेला टवका उडालेली पेटी.

"झूट बोलणार नाही, गेटमनसाहेब," चाचा म्हणाले. "टायपिंग करा, बेटीचा अभ्यास करा, आरामात चालते. आजकालचे गेम मात्र मागू नका तिला. बुढी हाय ती."

"गेम कशाला पाहिजे आम्हाला?" बाबा म्हणाले.

"पाहिजे नसला तरी लावूनच बघा. टायपिंग करताना कुठलीबी मशीन शहाणी दिसते. गाड्यांची रेस लावली, की हिचं दिल, दिमाग, डोळे, फेफडे, सगळं एकदम कामाला लागतं. खोट असली तर तिथं लपत नाही." त्यांनी खणातून एक सीडी काढली. तिच्यावर शर्यतीचे चार जुने खेळ होते. "नवे नक्को. हे हिच्या वयाचे हायत. हे चालले तर मशीन खरी. नाही चालले तर जुम्म्याच्या आत परत आणा, मी तोंड वाकडं करणार नाही. जुम्म्यानंतर ती तुमची, अन् तिचे नखरेबी तुमचे."

बाबांना हा तर्क पटला. इंजिनाची ताकद सपाटीवर कळत नाही, चढावर कळते, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. बसस्टँडवर त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून मला दिलं. ते रोज गाड्यांच्या वेळेशी मिळवलेलं असे. "हे मशीनचं एकदाच होईल, पोरी," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा मला जमायचं न्हाई. तवा नीट बघून घे." त्या वाक्याचं ओझं मी लोहा, अहमदपूर, चाकूर असं सगळ्या वाटेभर मांडीवर घेऊन बसले. पडदाही गोधडीत गुंडाळून मांडीवरच होता.

आत्याने यंत्राकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पडंल का हे?"

"काय पडंल?"

"अंगावर पडंल का? जड दिसून राहिलंय."

मी ते जमिनीपासून हातभर उंचीच्या पाटावर, पत्र्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं, तेव्हा ती समाधानाने डबे भरायला गेली.

रविवारी शिकवणीची परीक्षा होती. सोमवारपासून मी कामाला लागले. भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिक वहीचं मागचं पान उघडलं आणि हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष असे रकाने आखले. आज माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगते तेव्हा ते हसतात. त्यांना वाटतं, खेळ चालतो की नाही हे डोळ्यांना दिसतंच की. दिसत नाही. रेंगाळणाऱ्या यंत्राला डोळे पाच मिनिटांत सरावतात आणि ते बरं चाललंय असं वाटू लागतं. म्हणून मी खेळातलं घड्याळ आणि बाबांचं घड्याळ शेजारी ठेवलं. खेळातलं एक मिनिट बाबांच्या घड्याळात किती वेळ घेतं, एवढंच मोजायचं.

पहिला खेळ इतका जुना निघाला, की तो आमच्या यंत्राला न पेलण्याऐवजी आमचं यंत्रच त्याला पेलेना. संथ यंत्रासाठी लिहिलेला तो खेळ इथे पिसाळल्यासारखा धावला. पहिल्या वळणापाशी बोट कीबोर्डच्या कळीवर पोचेपर्यंत गाडी शेतात गेलेली असे. दुसरा खेळ सुरूच झाला नाही. चित्रांसाठी वेगळं कार्ड मागून तो बंद पडला. तिसऱ्यात डोंगरातला घाट होता. तिथे खेळातल्या एका मिनिटाला बाबांचं घड्याळ पावणेदोन मिनिटं चालत होतं. चौथा शहरातल्या रस्त्यांचा, तो जेमतेम बरा. मी तिसऱ्याच्या मागे लागले. पडद्यावरचं चित्र लहान केलं. झाडं काढली. ढग काढले. गाडीच्या सावल्या काढल्या. प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजलं. मंगळवारी दुपारपर्यंत घाटात फक्त रस्ता, गाडी आणि करडं आभाळ उरलं आणि खेळातलं मिनिट एक मिनिट चार सेकंदांवर आलं. मला तो उजाड घाट अतिशय सुंदर वाटला होता.

पण चाळिसाव्या मिनिटाला यंत्र गोठलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा चाळिशीच्या आसपास गोठलं. चाचांनी सांगितलेली खोट ती हीच, असं वाटलं. मग विचार केला: दरवेळी तेवढ्याच वेळाने थांबतं, म्हणजे काहीतरी तापतंय. पेटी उघडली. आतल्या पंख्यावर कार्यालयाची कित्येक वर्षांची धूळ लोकरीसारखी चिकटली होती. आत्याचा जात्याचा कुंचा घेऊन मी ती झाडली.

"त्यानं आता पीठ कसं झाडू मी?" आत्या ओरडली.

"धुऊन देते."

"धुतलेल्या कुंच्याला दोन दिवस लागतात वाळायला. कामून गं असल्या उचापती?"

आता कसोटी उरली ती सलग दोन तासांची, आवाजासकट. दोन तास तग धरला तर यंत्र ठेवायचं, हे मी वहीत आधीच लिहून ठेवलं होतं, म्हणजे नंतर मन बदलायला जागा नको. चाचांनी मोडक्या टेपरेकॉर्डरचे भाग लाकडी खोक्यात बसवून एक दांडगा स्पीकर बनवून दिला होता. तो मी जमिनीवर, पत्र्याच्या भिंतीला लावून ठेवला. बुधवार होता, दुपारचे दोन. डबे गेले होते, आत्या बाहेरच्या खोलीत आडवी झाली होती.

इंजिनाचा आवाज त्या खोक्यातून निघाला आणि मला उमरीची आठवण झाली. शंभरेक मिनिटं सगळं सुरळीत गेलं. घाटाच्या एका चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये घुमू लागली आणि बाहेरच्या खोलीतून बारीक किणकिण ऐकू आली. मी ती ऐकली. मला आठवतं, मला बरंच वाटलं. मालगाडी, मनात म्हटलं, आणि खेळत राहिले. त्या वस्तीपासून रेल्वे बऱ्याच अंतरावर होती, हे माझ्या डोक्याला ठाऊक होतं. कानांना ठाऊक नव्हतं.

मग पेले पडले.

पाचही. फरशीवर त्यांचा जो आवाज झाला तो मी आजही विसरलेले नाही. त्यापाठोपाठ आत्याची किंकाळी आली आणि दार आपटल्याचा आवाज यायला हवा होता. दार बाहेरच्या खोलीतच होतं, तिच्यापासून चार पावलांवर. पण आत्या दाराकडे गेली नाही. ती माझ्या खोलीत आली. तिने माझा दंड इतक्या जोराने धरला, की पुढे आठवडाभर चार बोटांचे वळ होते. तिने मला ओढत, अक्षरशः फरफटत, उंबऱ्याबाहेर, ओसरीबाहेर, पार रस्त्याच्या मधोमध आणून उभं केलं आणि मगच सोडलं. "भायेर या! भायेर या सगळे!" ती ओरडत होती. आणि सगळी गल्ली बाहेर आली. त्या गल्लीत कोणी "काय झालं" असं आधी विचारत नसे. आधी बाहेर, मग प्रश्न. परकरातल्या मुली, हातात उलथणं घेतलेल्या बायका, पाळण्यातलं लेकरू उराशी धरलेला बाप.

सगळे जमिनीकडे पाहत गप्प उभे राहिले. त्या शांततेत आमच्या घरातून आवाज येत होता. घाटात कठड्याला टेकून उभी राहिलेली माझी गाडी संथपणे घुरघुरत होती.

शेजारच्या गोदाकाकूंनी कान दिला. "सुमन," त्या म्हणाल्या, "ह्या भूकंपाला गिअर हायत का गं?"

कोणीतरी हसलं, मग सगळेच. भीती उतरताना माणसं जरा जास्तच हसतात. "लेकीनं कॉम्प्युटरवर जीप आणलीय!" "हाव, अन् आपण उगंच पायी पळालो!" मीही हसणार होते, तेवढ्यात आत्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती माझ्या दंडाकडे बघत होती. या वेळी ती आधी बाहेर पळाली नव्हती, हे तिला तेव्हा कळत होतं, असं मला आज वाटतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की तिचा चेहरा राखेसारखा झाला आहे.

"उद्या नेऊन दे ते," ती म्हणाली. "माझ्या घरात नको."

घरात परतायला तिने तासभर लावला. मी आत गेले तेव्हा बाबांच्या घड्याळात तीन तास होत आले होते आणि यंत्र गोठलं नव्हतं. मी तरीही नोंद केली: उभी गाडी म्हणजे पूर्ण भार नव्हे. मग तिथेच बसून राहिले. यंत्र खरं निघालं होतं. ते परत गेलं असतं तर बाबांनी पुन्हा आणलं नसतं, आणि तशी अपेक्षा मी केलीही नसती. दुसऱ्या बाजूला आत्याचा तो राखेसारखा चेहरा. तिला "घाबरू नकोस" असं सांगण्यात काही अर्थ नव्हता. जे वाक्य सिद्ध करता येत नाही ते बोलायचं नाही, एवढं शास्त्र मला तेव्हाही येत होतं.

गुरुवारी सकाळी मी वर्गाला गेले नाही. गाडी गिअरमध्ये न घालता उभी ठेवली, की इंजिनाच्या फेऱ्या हजारांत दाखवणारा काटा हवा तिथे धरता येई. मी काटा हळूहळू चढवत नेला आणि पत्र्यावर हात ठेवून बसले. दोनवर काही नाही. चारवर काही नाही. अडीच आणि तीनच्या मध्ये मात्र पत्रा हाताखाली अंग झटकल्यासारखा थरारे, कारण तेवढ्याच कंपनाला त्या पत्र्याचं स्वतःचं कंपन जुळत होतं, आणि पेल्यांची फळी त्याच पत्र्यावर ठोकलेली होती. स्पीकर भिंतीपासून काढून गोधडीवर ठेवला, की अडीचलाही काही होत नसे. मी हे चार वेळा करून पाहिलं. पुढे माझं सगळं आयुष्य संगणकाऐवजी याच गोष्टीत गेलं: इमारती आणि यंत्रं कशाने थरथरतात हे मोजण्यात. तेव्हा ते माहीत नव्हतं. तेव्हा फक्त शुक्रवार उद्यावर आला होता.

डबे गेल्यावर मी आत्याला म्हटलं, "एकदाच बघ. मग तू म्हणशील तसं."

"मला न्हाई बघायचं."

"बघू नको. फक्त हात ठेव."

ती बराच वेळ दारात उभी राहिली. मग आत आली, पण पत्र्यावर हात ठेवला नाही. उकिडवी बसून तिने दोन्ही तळवे फरशीवर टेकवले. "लाव," ती म्हणाली.

मी स्पीकर भिंतीला लावला आणि काटा अडीचवर नेला. पेले किणकिणले. आत्याचे डोळे मिटलेले होते.

"जमीन गप हाय," ती म्हणाली. पुन्हा थोड्या वेळाने, "त्या टायमाला आधी पायाखालनं आलं होतं. मग आवाज. हे नुसतं पत्र्यात हाय." माझ्या वहीत ज्याला चार पानं लागली होती ते तिने तळहातांनी एका वाक्यात सांगितलं. मी कधीच न विचारलेली गोष्ट ती पहिल्यांदाच बोलत होती, म्हणून मी काटा तसाच धरून ठेवला.

"कशानं होतं ते?" तिने डोळे उघडून विचारलं.

"ही कळ दाबली की."

"सरक."

पिठाचा हात पदराला पुसून तिने बोट कळीवर ठेवलं. काटा चढला, अडीच ओलांडून पुढे गेला. "मागं ये," ती त्याला म्हणाली, जणू खट्याळ जनावर होतं. तिसऱ्या प्रयत्नात तिला तो धरता आला. पेले किणकिणले, सरकले, कोसळले. आत्या दचकली, पण बोट उचललं नाही. मग स्वतःच उठली, पेले गोळा केले, एक पालथा, एक सुलटा असे फळीवर रचले, आणि परत येऊन बसली. पुन्हा पाडले. पुन्हा रचले. तिसऱ्यांदा पाडल्यावर ती फरशीवर तशीच बसून राहिली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "लई वर्षं झाली, हेच मला भेवाडून राहिले होते."

संध्याकाळी स्पीकर गोधडीवर गेला आणि उतरंड नेहमीच्या जागी उभी राहिली. ती आत्याने आधीसारखीच हाताने तपासली. मी बूथवरून नांदेडला फोन लावला.

"चालली का, बेटी?" रशीदचाचांनी विचारलं.

"एक उधळला, एक अडला, दोन चालले, चाचा. मशीन ठेवतेय."

"आवाज कसा हाय?"

"जरा जास्तच चांगला हाय."

परत आले तेव्हा आत्या आमटीला फोडणी घालत होती. मी वही उघडून निष्कर्षाच्या रकान्यात यंत्र ठेवण्यायोग्य असल्याचं लिहिलं. तिने पळी तशीच धरून विचारलं, "काय लिहिलंस?"

"मशीन चालते, म्हणून."

"अन् माझं?"

"तुझं काय?"

"मी पाडले ते न्हाई लिहिलंस?"

मी पान मागे उलटलं. निरीक्षणांच्या रकान्यात तळाशी थोडी जागा उरली होती. तिथे लिहिलं: गुरुवार, दुपार. आत्याने तीन वेळा पेले पाडले. तिन्ही वेळा स्वतः. तिने ते मला मोठ्याने वाचायला लावलं, आणि मगच आमटीवर झाकण ठेवलं.